देवमाशाचा गुडघा

तबूक, गुरुवार, संध्याकाळ

परदेशी काढून सौदी माणसं घ्यायच्या सरकारी धोरणात, म्हणजे सौदीकरणात, माझी नोकरी ज्याला मिळाली, त्या फैसलला आज वाळवंटातली साइट दाखवली. राग धरावा असा माणूस नाही, हीच पंचाईत. भूगर्भशास्त्र शिकलाय.

खडकात देवमाशाची जुनी हाडं सापडली. फैसलने एक तुकडा जिभेला लावून माझ्यापुढे धरला. "दगड चिकटत नाही, सर. हाड चिकटतं." उष्टा तुकडा, तरी लावला. चिकटला.

मागच्या पायाचं हाड होतं ते. एवढं अजस्र धूड आणि पाय एवढासा, पण त्यालाही गुडघा. पूर्वज जमिनीवर चालायचे म्हणे. याला मात्र किनाऱ्यावर उभंही राहता आलं नसतं.

"म्हणजे परतायची सोय नव्हती?"

"परतायचं कशाला, सर? समुद्रच त्याचं घर झालं होतं."

आत्ता नाशिकहून सुनंदाचा फोन आला. कायमचा येतोय म्हणून कपाटात माझ्यासाठी एक कप्पा रिकामा केलाय. "पुरेल ना?" इथल्या बावीस वर्षांनी बायको नवऱ्याला हे विचारते. पुरेल म्हणालो.

पण गुडघा होता त्याला. चालायचंच नव्हतं, तर तो कशाला जपला असेल?