पांढऱ्या म्हणजे नेमक्या कुठल्या?

नाना, तुम्ही कशाने गेलात, असं आज धुळ्यात एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी पटकन सांगून टाकलं, "पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या." इतकी वर्षं हेच सांगत आले. आता माझ्याही कमी निघाल्यात, म्हणून तर गेले होते. बाई म्हणाल्या, "पांढऱ्या, की प्लेटलेट?" मी म्हटलं, "एकच ना ते?" त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "नाही हो ताई. प्लेटलेट रक्त थांबवतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात. आपल्याकडे लोक दोन्हींना पांढऱ्याच म्हणतात." आता घ्या!

तेव्हापासून मला धरणगावचं स्वयंपाकघर दिसतंय. तुम्ही तापाने फणफणलेले, भिंतीला टेकून बसलेले. आई पपईचा पाला वाटतेय, शेजारच्या अक्का बकरीचं दूध घेऊन उभ्या. पेशी कशाने वाढतात हे ज्याला त्याला ठाऊक, पण कुठल्या पेशी, हे एकानेही विचारलं नाही. तुम्ही पेला तोंडाला लावता आणि ओरडता, "हाई कडू जहर शे! तुम्ही बठ्ठा मिळीसन माले मारी टाकशात!" आपण सगळे मिळून तुम्हाला मारायला निघालोय म्हणता, आणि आम्ही खो खो हसतो. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात, नाना. त्या हसण्याचं काय करू, ते मला अजून कळत नाही.

बाईंनी कारणं सांगितली तीही डोक्यात नुसती गरगरतात. साध्या तापानेही पांढऱ्या पेशी उतरतात म्हणे. बी-बारा कमी असेल तरी. माझ्या वाढलेल्या थायरॉइडवरच्या गोळीनेही, म्हणून ती बंद केली. शरीर स्वतःच आपल्या पेशी मारत सुटतं, असंही होतं. नाहीतर हाडातला मगज त्या बनवतच नाही, आणि मला धडकी भरलीय ती त्याची. सोमवारी कमरेच्या हाडात सुई घालून तपासायचं ठरतंय. पण काही घरांत म्हणे पिढ्यान्‌पिढ्या पेशी कमीच असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. "वडिलांच्या त्या तापाआधीही कमी होत्या का? तसं असेल तर सुईची घाई नको." बाईंनी विचारलं, म्हणून मी चाळीसगावला भावाला फोन केला, तर तो म्हणतो, "अगं, पेशी म्हणजे पेशी! त्यात काय एवढं?" कपाळ माझं.

आई असती तर तिला विचारलं असतं. आता सांगणारं कुणी उरलं नाही, आणि माझं मन भलतंच काही मागू लागलंय. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि हात जोडून म्हटलं, नानांच्या पांढऱ्या पेशी जन्मापासूनच कमी असू देत. मेलेल्या बापाला मागच्या तारखेने दुखणं लावायला निघालेली लेक तुम्ही कधी पाहिली होती का? हे तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच लिहिलं. समोर असतात, तर मला भीती वाटतेय एवढंसुद्धा तोंडातून निघालं नसतं.