चिकटपट्टीवरचा भुंगेरा

४ जून
नवाच आहे! संग्रहालयातून ताईचा फोन — तिचा भुंगेरा आजवर कुणीच नोंदवलेला नाही. तिळाएवढा किडा, पिसवेसारख्या उड्या मारतो. आणि सापडला कुठे? आमच्या गच्चीत! आई किडे टिपायला हाताला चिकटपट्टी उलटी गुंडाळून वांग्याच्या पानांवर थापट्या मारत फिरते. वैतागून एकदा ती पट्टीच ताईच्या टेबलावर आपटली होती — घे, तुझे नातेवाईक.

५ जून
आता नाव ठेवायचंय. स्वतःचं ठेवायचं नाही, असा शिरस्ता. मी अकरा सुचवली, ताईने अकराही उडवली. म्हणे तुझ्या कादंबरीत घाल. (कादंबरी कोण छापतंय!) तिला आईचं नाव द्यायचंय. हेच नाव का, ते तिच्या लेखात लिहायचं काम माझ्याकडे. दोनच ओळी. पण छापून येणार!

६ जून
आई भडकली. 'घराच्या पाटीवर बाबांचं नाव, आणि माझं पानं कुरतडणाऱ्या किड्याला?'
ताईला वाटलं होतं, आई हरखेल. बाबा उगाच बाहेर जाऊन पाटी बघून आले.

७ जून
रुसवा चालू. दोघींचाही.

९ जून
परवा लेख पाठवायचाय. ताईने शेवटी तिच्या सरांचं नाव घातलं. सरांवरच्या दोन ओळी मीच लिहिल्या — गुळगुळीत.

१० जून
संग्रहालयात ताईला डबा द्यायला गेले, तर आई तिथे हजर! कुणाला न सांगता आलेली. म्हणाली, दाखव बघू. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेचना. निळी-हिरवी पाठ, त्यावर टाचणीने टोचल्यासारख्या ओळी, मागच्या मांड्या पैलवानाच्या.
'एक पाय कुठाय याचा?'
'तुझ्या पट्टीवर राहिला,' ताई म्हणाली.
आईने परत डोळा लावला. मग विचारलं, नाव कुणाचं देतेयस. सरांचं, ताई म्हणाली.
'का? त्यांनी पकडला का?'
आधी ताईला हसू फुटलं, मग मला, मग खुद्द आईला. शेजारच्या टेबलावरचे फुलपाखरूवाले काका चष्म्यावरून बघत राहिले.

११ जून
सकाळी आईने ताईच्या हातात चिटोरा ठेवला. हे दे, म्हणाली. तिचं माहेरचं आडनाव! आजोबांना चार मुलीच. चौघींची लग्नं झाली, आडनाव संपलं.
सरांच्या ओळी खोडून मी नव्या लिहिल्या. लेख गेला. आता हे आडनाव लग्नाने बदलणार नाही.