हॉस्पिटलातून आल्यावरची आंघोळ

मुकुल,

गुंड्याला घेऊन शहाडच्या डॉक्टरांकडे चाललेय. त्याचा एक टाका उसवलाय. ओवीला पाळणाघरातून तू आण.

नसबंदीचे टाके निघेपर्यंत कुत्र्याला पाणी लावायचं नाही, हे तुला बजावून सांगितलेलं. तरी हॉस्पिटलातून आला म्हणून आईंनी त्याला दारातूनच बाथरूममध्ये नेलं आणि तू बादली भरून दिलीस. वर मान नीट धुता यावी म्हणून गळ्यातला प्लास्टिकचा कोनही काढलास. मग तो जखम चाटत बसला. आईंचं सोवळं मला माहीत आहे, पण तुला तोंड होतं ना?

ओवीच्या वेळी माझं सिझर झालं, तेव्हा मलाही घरात पाऊल टाकताच आंघोळीला पाठवलेलं. तेव्हाही तू गुपचूप गिझर लावलेलास.

श्रिया