तीन पाण्यांत उकळलेलं सॉसेज

तीर्थरूप मामांना,

दुरूनच साष्टांग नमस्कार (दुरून अशासाठी, की पाय सुजल्यामुळे वाकवत नाही). तुमचे गुडघे कसे आहेत? माझं नाव निघालं की मामी अजून उसासा टाकतात का? टाकू देत, या खेपेला त्यांचं बरोबर आहे.

मामा, मी बुडालो. माझ्या किडनीने तिसऱ्या टप्प्यावरून चौथ्यावर उडी मारली, हे आईने कळवलंच असेल. (कॉलेजात दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात जाता आलं नाही, इथे मात्र अभ्यास न करता बढती.) कारण तिला ठाऊक नाही. ते कारण कोपऱ्यावरच्या दुकानात, थंडगार काचेमागे उभं राहून सॉसेज-सलामी कापतं. पांढरी टोपी, निळे हातमोजे, आणि "आज किती देऊ?" विचारताना मान किंचित तिरकी. त्या मानेपुढे उभं राहून, मला असलं खारवून टिकवलेलं मांस वर्ज्य आहे, असं कुठल्या तोंडाने सांगू? एकवीस वर्षांच्या तरण्याबांड पोराने पहिल्याच भेटीत लघवीचा रिपोर्ट काढायचा का? मी छाती काढून म्हणालो, पाव किलो सॉसेज द्या. पुढे रोजच.

फेकायला हात धजेना, तिने स्वतः बांधलेलं पुडकं ते. मग अक्कल सुचली. आहारतज्ज्ञ बाईंनी आईला शिकवलंय, की बटाटा चिरून भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. बटाट्याचं जातं, तर सॉसेजने काय घोडं मारलंय? आई कामावर गेली की मी सॉसेज चिरून तीन पाण्यांत उकळायचो. शेवटी ते ओल्या खोडरबरासारखं लागायचं. तरी प्रत्येक घास तिचं नाव घेऊन गिळला (नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं 'ती'). असे दोन महिने!

रिपोर्ट आल्यावर आईला बाहेर बसवून मी बाईंना तावातावाने माझं शास्त्र समजावलं. त्या म्हणाल्या, थोडंफार निघालं असेल रे, पण मीठ नि फॉस्फेट आतवर मुरलेलं असतं, रोज पाव किलो खाल्ल्यावर तीन पाण्यांनी काय होणार? मी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी त्याच हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. आकडा बघून मीच मूठ उघडली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर वर्षभरात डायलिसिस.

आज दुकानात तिला शेवटचं बघायला गेलो. ती आपण होऊन म्हणाली, "मी नाही हो खात हे. फार खारट असतं." मामा, त्यावरही मी पाव किलो घेतलं.

तुमचा कामातून गेलेला भाचा

ता.क. मी तिथे गेलो की घेणारच. म्हणून रविवारी या आणि तिला सांगा, तो आता यायचा नाही, लांब कुठे नोकरी लागली. किडनीचं नाव काढाल तर माझी शपथ.

ता.क. २. आजचं पुडकं फ्रिजमध्ये आहे, अजून उघडलेलं नाही. रविवारपर्यंत दम निघणार नाही. उद्याच या.

ता.क. ३. शपथ परत घेतली. किडनीचं सांगा. आणि ऐकल्यावर तिची मान कुठे वळली, तेवढं नीट बघून या.