एका कॉटवरच्या दोघी

दि. ५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आत्याचे अ. उ. आ.

परक्या शहरात दुसऱ्याच्या छपराखाली पाठ टेकणाऱ्या माझ्या लेकींनो, तुमची सगळ्यांची तक्रार एकच आहे. हे शहर तुमचे हात पगारावर घेतं. पण त्या हातांबरोबर एक अख्खं माणूस येतं आणि त्याला रात्री आडवं व्हावं लागतं, हे मात्र ते कानावरच घेत नाही.

हसू नकोस. वाचणारी तू एकटीच आहेस हे मला ठाऊक आहे. छापखान्याच्या संघटनेत जन्मभर शेकड्यांनी बसलेल्या माणसांपुढे बोलले, आता एकीशी बोलायचं तरी तोंडातून भाषणच निघतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून तू ज्या कॉटवर झोपतेस, तीच कॉट दिवसा दुसरीला दिलेली. भाडं मात्र मालकीण दोघींकडून घेते. इथपर्यंत तू गिळलंस. आता ती म्हणते, रात्रपाळीवाली जादा भाडं देऊन अख्खी कॉट मागते आहे. तेव्हा तूही वाढवून दे, नाहीतर एक तारखेला जागा सोड. आणि तू शिव्या देतेस कुणाला, तर त्या रात्रपाळीवालीला. तू तिला कधी पाहिलं तरी आहेस का?

तुझा बाप टपून बसला आहे. जागा गेली की नोकरी सोडवून तुला घरी आणायला तो मोकळा. म्हणून जागा सोडायची नाही.

लोभ आहेच, वेळ पडली तर धाकही आहे.

तुझी आत्या

दि. १२ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सभेला मी एकटी हजर होते. टाळ्या वाजवल्या, ऐकू आल्या असतील.

नाही, पाहिलं नाही. मी संध्याकाळी येते तेव्हा ती पावाच्या कारखान्यात गेलेली असते, आणि सकाळी ती यायच्या आत मी बाहेर. झोपायची पाळी संपली की खोलीत थांबायचं नाही, हा मावशींचा नियमच आहे. (मालकिणीला इथे सगळ्या मावशीच म्हणतात.) ती मला फक्त वासाने ठाऊक आहे. उशीला आंबलेल्या पिठाचा वास येतो. भिंतीकडे तोंड करून झोपत असणार, गादी तिथेच दबली आहे.

जादा भाड्याचं कळल्यापासून मी उशी कपाटात बंद करून जाते. दुसऱ्या दिवशी तिने पांघरूण ओलं करून ठेवलं. मी तिची घरातली चप्पल गच्चीवर टाकली. तर तिने कॉटच्या पायाखालची वीट काढून नेली. ती रात्र मी घसरगुंडीवर काढली.

मावशी मात्र प्रेमळ आहेत गं. स्वतः येऊन म्हणाल्या, त्यांचा जीव माझ्यासाठी तुटतो, पण ती दुसरी हट्टच सोडत नाही.

तुझे आशीर्वाद असू देत, आणि जमल्यास एक वीट धाड.

भिंगरी

दि. १७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

चपलेचं वाचून लाज वाटली, विटेचं वाचून हसले. त्या पोरीत दम आहे.

तुझ्या आईला बहीण नाही, मग ही मावशी कुठून उगवली? जीव तुटतो म्हणे. भिंगरे, त्या बाईची कमाई कॉटवर चालत नाही, तुम्ही दोघी कधी भेटत नाही यावर चालते. तिची सगळी मालमत्ता म्हणजे तुमची चुकामूक.

कामावर एक खाडा कर. सकाळी कॉटवरून उठू नकोस. ती आली की आधी तिला बसायला जागा दे, मग हवं तेवढं भांड. गुडघ्याने माझा जिना बंद केला आहे, नाहीतर भांडायला मीच आले असते.

आत्या

दि. २४ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

खाडा केला. ती आली, भुवयांवर पीठ. माझ्याहून बरीच मोठी आहे. मी भिंतीकडची बाजू तिला दिली. तिने बसता बसता विचारलं की अख्खी कॉट मागणारी काचवाली ती तूच का. मी म्हटलं, मला तर सांगितलंय की तू मागते आहेस. मग तिला हसू फुटलं, मग मला. तोवर शेजारच्या कॉटवाल्या उठून बसल्या होत्या. प्रत्येकीला हेच सांगितलेलं, फक्त वाईट बाई दरवेळी दुसरी.

रविवारी दोन्ही पाळ्या एकदम खोलीत जमलो. एकेका कॉटवर दोघी, एकीचं डोकं तिकडे, दुसरीचं इकडे. ठरलं की भाडं जुनंच देऊ आणि सगळ्यांचं एकीच्याच हातून देऊ. दारातून आम्हाला बघून मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. पण बाई पक्की आहे. म्हणाली, एक तारखेला संध्याकाळी रात्रपाळी निघून गेली आणि दिवसपाळी अजून यायची असली, की तेवढ्या वेळात कुलूप बदलते आणि तुमचं सामान रस्त्यावर टाकते.

दुसरा खाडा केला तर आमचा मुकादम मला काढेल. सगळ्यांचं तेच आहे. त्या मधल्या वेळात खोली राखायला माणूस मिळत नाही.

माझ्यापेक्षा पाववालीवर जास्त लोभ करू नकोस.

भिंगरी

दि. २७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अ. आ.

तुझ्या आत्याने घरात सभा भरवली, त्यातून सगळं समजलं. मालकिणीशी मारामाऱ्या करायला मी तुला पाठवलं नव्हतं. एक तारखेला दुपारच्या गाडीने येतो. ट्रंक भरून ठेव. घरी तुझी कॉट आहे तशीच आहे, तिच्यावर दुसरं कुणी झोपत नाही.

बाबा

दि. २९ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मुलगी परक्या शहरात ठेवून घरी कूस बदलत राहणाऱ्या बापांनो, तुमची तक्रार मला मान्य आहे. पण तुमची झोप उडवणारी मालकीण आहे, मी नव्हे.

घरच्या कॉटची आठवण रोज येते. पण घरी काचा घासायचं यंत्र नाही, आणि माझा हात आता बसला आहे. मी परत येणार नाही. आज मी उठले तर उद्या पाववालीला उठवतील, आणि दोघींच्या जागी आणखी दोघी आणतील, एकमेकींना शिव्या देणाऱ्या.

तरी तुम्ही या. दुपारची गाडी चुकवू नका. ट्रंक भरलेली आहे. सकाळी जाताना मी ती बरोबर उंबऱ्यावर ठेवून जाईन, दार लागणार नाही अशी. तुम्ही येईपर्यंत पाववाली खोलीत आहे, मग तिला निघावंच लागेल. खोलीत पुरुषांना मनाई आहे, उंबऱ्यावर नाही. मालकीण आधी गोड बोलेल, मग आवाज चढवेल. तुम्ही उत्तर देऊ नका, ते खातं आत्याचं.

तुमचा लोभ एवढाच मागते: बाबा, ट्रंक उचलू नका. तिच्यावर बसा, आणि आम्ही कामावरून येईपर्यंत उठू नका.

तुमची
भिंगरी