वर्लिनच्या फाइलीतले रकाने

प्रिय मेरिट,

वर्लिनला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. दफनाच्या दिवशी तू मागेच उभा राहिलास आणि न जेवता वायोमिंगला निघून गेलास, त्यामुळे बोलणं राहिलं. तुम्हा भावांचं बोअरचं मशीन आता माझी कार्ला चालवते. शेजारी व्होसच्या कुरणातली पाणी उपसणारी पवनचक्की वाळू ओढायला लागली आहे, दीडशे गुरं आहेत, आणि तिथे नवा बोअर घेण्याआधी कार्लाला आसपासच्या जुन्या बोअरची खोली हवी होती. ती सगळी वर्लिनच्या संगणकात.

त्याचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेना. फाइल तशीच उघडली तर आकडे एकमेकांना चिकटलेले: १४२१५८१६४२३०. तीन-तीन अंकांनी तोडलं तर चार आकडे होतात, आणि आम्हाला ठाऊक होते तीनच: चिकणमाती, पाणी, तळ. पाणी एकशे अठ्ठावन्न फुटांवर की एकशे चौसष्ट? कार्ला म्हणाली, "आई, धर ना अंदाजाने." मी म्हटलं, "अंदाजावरून या घरात एकदा झालं तेवढं पुरे."

वर्लिनकडचं त्या प्रोग्रॅमचं जाडं पुस्तक मी पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं. फाइलीच्या डोक्यावरच रकान्यांची नावं आणि रुंदी लिहिलेली असते, एवढं कळलं. ती दाखवणारं काहीतरी हवं होतं. मोठे प्रोग्रॅम माझाच नाव-पत्ता विचारत बसले. शेवटी कुणीतरी फुकट ठेवलेलं एक चिमुकलं साधन सापडलं. फाइल दाखवली की यादी येते, बस्स.

शेत, तारीख, चिकणमाती. मग 'मेरिट', अंक, रुंदी तीन. मग पाणी, तळ.

मशीन लावण्याआधी तू गवत बघून सांगायचास, तो आकडा. "गवत हुंगायला हा काय गाय आहे?" असं सगळ्यांसमोर म्हणणाऱ्या माणसाने तो दर वेळी लिहून ठेवला. चारशे बारा बोअर. तीनशेहून जास्त ठिकाणी तू दहा फुटांच्या आत. तू काम सोडून गेल्यानंतरच्या नोंदींत तिथे मोकळी जागा आहे. रकाना काढून टाकायला त्याला पाच मिनिटं लागली असती. मला तो याबद्दल कधी बोलला नाही. तुला तरी त्याने सांगायला हवं होतं.

व्होसच्या एका बाजूला पाणी एकशे चौसष्टवर आहे, दुसऱ्या बाजूला दोनशे एकतीसवर. मधलं कुणालाच माहीत नाही. मशीन मंगळवारी लागेल. तू सोमवारी ये. कार्ला म्हणते, "काकाला सांग, मी हसणार नाही. आकडा सांग म्हणावं, मी आधी लिहीन, मग खणेन."

तुझीच वहिनी,
आर्लिन