बाईसाहेबांची साखर

५ मार्च

पाण्याचं भांडं पुन्हा कोरडं! सकाळी मीच काठोकाठ भरलं होतं. धाकटी बहीण म्हणते, "सांडलं असेल." सांडलं तर फरशी ओली नको? बाईसाहेब – तिची पांढरी सशीण – कोपऱ्यात बसून मिशा चाटत होत्या. पिंजऱ्याखालचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत चिंब. त्यात माझ्या भाषणाची बातमी होती! टीकाकार पुष्कळ पाहिले, इतका रोखठोक कोणी नाही.

६ मार्च

धाकटी ओट्याला टेकून हळूच म्हणाली, "दादा, मी लहानपणी अशीच पाणी प्यायचे. आठवतं?"

आठवतं. पेल्यावर पेले. आई ओरडायची – पोट आहे की हौद! मग तिचा मधुमेह कळला.

मी म्हटलं, काहीतरीच, सशाला कुठला आलाय मधुमेह! मग कपाटातली पुस्तकं काढली. असतो. क्वचित, पण आपोआप होतो.

८ मार्च

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर शेजारी एक कुत्रा अखंड भुंकत होता. बाईसाहेब टोपलीत थरथरत होत्या. "आधी आम्हाला घ्या!" म्हणून मी असा कडाडलो की कुत्रासुद्धा गप्प.

कानातून थेंबभर रक्त घेतलं. साखर भलतीच निघाली. डॉक्टर म्हणाले, "लगेच खरं मानू नका. ससा घाबरला की साखर चढते. तुमचा आवाज बाहेरून ऐकला मी. निम्मी साखर तुमचीच असेल!"

धाकटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणखी एक तपासणी असते, मागच्या काही आठवड्यांची सरासरी सांगणारी. भीतीने ती फसत नाही. ते रक्त बाहेर पाठवलंय.

९ मार्च

कालचं तिचं हसणं कानातून जात नाही. फार वर्षांपूर्वीचं हसणं ते.

आमची मधली खोली. पातेल्यात काचेची सिरिंज खळखळ उकळतेय. आई चिमट्याने ती उचलते. धाकटी खिडकीच्या कट्ट्यावर, मांडी घट्ट आवळून. आणि मी स्टुलावर उभा! हाताला लागेल ते पुस्तक घेऊन गर्जायचो – राज्यक्रांत्या, समुद्रप्रवास, औषधांचे शोध. तिचं लक्ष माझ्याकडे राहावं, सुईकडे जाऊ नये. "अजून मोठ्याने!" ती ओरडायची. वडील आतून विचारायचे, "कोणाचं राज्य घेतलंस रे आज?"

पुढे मैदानं गाजवली, पण तशी श्रोती पुन्हा मिळाली नाही. म्हणजे मिळाली ती तीच! प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत, पर्समध्ये साखरेच्या गोळ्या, अंगातली साखर एकदम उतरली तर म्हणून. एकदा भाषणाच्या ऐन भरात तिने गोळी तोंडात टाकली आणि मी वाक्यच विसरलो. लोकांना वाटलं, मी भावनावश झालो. टाळ्या!

१४ मार्च

निकाल आला. खरंच मधुमेह. इन्सुलिनची गरज नाही. गाजर बंद, फळं बंद, दाणे बंद. नुसतं वाळलेलं गवत.

धाकटी बाईसाहेबांचा कान ओढत म्हणाली, "लबाड! तुला सुई माफ होय गं?"

१५ मार्च

दारात संशोधन संस्थेतली बाई! चेहरा ओळखीचा – प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध आम्ही फाटकाबाहेर घोषणा देतो तेव्हा ही आत जात असते. येत्या रविवारी तिथेच सभा आहे. जनावरांच्या डॉक्टरांकडून हिला कळलं म्हणे.

चहा नको म्हणाली, खुर्चीच्या कडेवर बसली. "आम्ही औषध टोचून सशांना मधुमेह करतो. हिला आपोआप झालाय. अशी आम्हाला मिळत नाही. द्याल का?"

"कापणार?"

"ती जिवंत असेपर्यंत नाही. कानातून रक्त घेऊ. पिल्लांत उतरतो का, ते पाहू."

"आणि पिल्लांचं?"

ती खुर्चीवरून उठली. खोटं तरी बोलायचं! दार उघडून उभा राहिलो.

१६ मार्च

धाकटी म्हणते, द्यायची.

मी बरसलो तिच्यावर. निरोग्याला आजारी पाडून रोगावर औषध शोधणं हा अत्याचार आहे – माझं हुकमी वाक्य. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हिला कोणी आजारी पाडलंय, दादा? मला तरी कोणी पाडलं होतं?"

"तिच्या पिल्लांचं काय करतील, विचार केलास?"

"केला. रात्रभर केला. माझ्या सुईतल्या औषधाची ताकद पहिल्यांदा सशांवर मोजली, त्यांना झटके येईपर्यंत. कट्ट्यावर मला तूच वाचून दाखवलंस. व्यासपीठावर मात्र ते पान कधी उघडलं नाहीस."

"तू म्हणजे ससा नाहीस!"

"म्हणूनच जगले ना."

मग ती सुई घ्यायला आत गेली. हल्ली नीट दिसत नाही, तरी माझी मदत घेत नाही.

१७ मार्च

शेजारीण विचारून गेली, "भाऊंचा घसा बसलाय का?"

१८ मार्च

बाईसाहेब पायाशी येऊन बसल्या. पाठीवरून हात फिरवला तर मणका लागतो. एवढं खाऊन! धाकटीही तशीच वाळली होती. आई तिला उचलून घेताना माझ्याकडे बघायची नाही.

पिल्लांचं काय होणार ते मला ठाऊक आहे. त्या बाईलाही होतं. अत्याचार तो अत्याचारच, एक अक्षर मागे घेत नाही. आणि धाकटी जिवंत आहे, हेही मागे घेता येत नाही!

१९ मार्च, रविवार

सकाळी बाईसाहेबांना संस्थेत देऊन आलो. मालकाचं नाव विचारलं, माझं सांगितलं. लिहिणाऱ्या माणसाने मान वर केली – फाटकावर आमच्या सभेच्या फलकात तेच नाव होतं, मुख्य वक्ता म्हणून, हातभर अक्षरांत.

सभा पाचला आहे. जाणार. पहिलं वाक्य तयार आहे: माझी सशीण या भिंतीच्या आत आहे, आणि तिला मीच इथे आणलंय.